दारापाशी राहिलेला सिनेमा

माझ्या सासऱ्यांनी अर्धं आयुष्य धान्याच्या पोत्यात परखी खुपसली आणि घरी बसल्यावर तीच परखी सिनेमात खुपसायला घेतली.

परखी म्हणजे टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी नळी. ती पोत्यात घुसवून ओढली की आतला माल मूठभर बाहेर येतो. रिसोडच्या बाजारात एका अडत्याकडे माल पाहून भाव ठरवायचं काम ते करायचे. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात, हा त्यांचा आयुष्याचा धडा. म्हणून ते आधी तळातून परखी लावत, मग मधून आणि अगदी शेवटी वरून. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरला की ओल किती ते सांगत. त्यांनी पास केलेलं पोतं कधी परत आलं नाही. हे मी लग्न होऊन आल्यापासून रोज ऐकते आहे, त्यामुळे खरंच असावं.

आम्ही राहतो रिठदला. गावात नेटची तार आली, माझ्या नवऱ्याने भिंतभर टीव्ही आणला, आणि एका संध्याकाळी पडद्यावर सिनेमांच्या चित्रांच्या रांगाच रांगा लागल्या. खाली सरकवावं तेवढ्या नव्या रांगा येत होत्या. मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई) बराच वेळ बघत राहिले. बाजारात आवक फार झाली की माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"एवढा माल?" ते म्हणाले. "आन् कोनं तपासला नाई?"

त्या दिवसापासून रिमोट त्यांच्या हातात गेला. सिनेमा लावला की ते थेट शेवट गाठायचे. तिथलं थोडं पाहायचे, मग मागे येऊन मधलं थोडं, आणि मग निकाल. बाई रडताना सापडली तर "ओल लय हाय." गाणं लागलं तर "काडीकचरा." नुसत्या मोटारी पळत असल्या तर "पोकळ दाना." पोरगा-पोरगी गळ्यात गळा घालून उभी असली तर "डागी माल." हा शेवटचा निकाल मात्र ते दृश्य पुरतं संपल्यावरच देत, घाई करत नसत. सिनेमा नापास झाला की पुढचा. असं करता करता जेवायची वेळ व्हायची आणि टीव्ही बंद. आम्हाला ढीगभर सिनेमांचे शेवट पाठ झाले होते. कोण मेलं ते आम्ही सांगू शकायचो, तो कोण होता ते नाही.

मी एकदा म्हटलं, "मामाजी, एखादा सुरुवातीपासून पाहू ना."

"वरचा थर पाहून भुलते थो गिऱ्हाईक," ते म्हणाले. "मी पारखी हाय."

मी पोळ्या लाटायला गेले आणि लाटणं जरा जास्तच जोरात आपटलं.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सकाळी आमच्या ओट्यावर माणसं मोबाईल घेऊन येऊ लागली. "काकाजी, हा पाहा बरं, सुनेसंगं पाहन्याजोगा हाय का?" मामाजी चष्मा लावून, मांडी घालून, एकेकाचा सिनेमा हातात घ्यायचे. त्यांनी प्रतीही ठरवल्या होत्या. उत्तम तो बियाण्याचा माल, बरा तो खाण्याचा आणि उरलेला ढोरांचा. तारेचं नेट ओट्यापर्यंत पोचत नसे, आणि लोकांचं नेट वाया जाऊ नये म्हणून तपासणी आमच्याच मोबाईलच्या नेटवर चालायची, आणि दुपार व्हायच्या आत घरातल्या सगळ्या मोबाईलांतलं नेट संपलेलं असायचं. कौतुक मात्र गावभर. एकाने तर स्वतःच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ तपासायला आणला. मामाजींनी नेहमीप्रमाणे तळातून परखी लावली, तिथे पाठवणी लागली. "ओल लय हाय. नापास." तो माणूस अजून आमच्याकडे चहाला येत नाही.

मग सप्ताहाच्या वेळी कीर्तनकार महाराजांचं जेवण आमच्या घरी होतं. जेवणानंतर महाराजांना काहीतरी चांगलं दाखवावं म्हणून मामाजींनी सकाळपासून माल तपासला आणि एक सिनेमा काढला. तळाला लग्नाचा मांडव, मधे सगळं कुटुंब पंगतीला बसलेलं, वरच्या थराला देवळात आरती. "बियान्याचा माल," मामाजींनी जाहीर केलं. महाराजांना गादी टाकली, शेजारपाजार गोळा झाला, सिनेमा सुरू झाला. आरती झाली. आरतीनंतर पुजाऱ्याचा खून झाला. मग दिवाणजीचा. मग थोरल्या सुनेने धाकट्या दिराच्या दुधात काहीतरी कालवलं. मधली पंगत आली तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्यात बरेच पाट रिकामे आहेत. ते परखीत आले नव्हते.

मी शरमेने लाल होऊन रिमोटकडे धावले, तर महाराज हात वर करून म्हणाले, "राहू द्या माय. कोनं मारलं थे तं समजू द्या."

महाराज शेवटपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात लोभाच्या दृष्टांताला ते सगळं कुटुंब आलं, दुधासकट. लोक हसले, पण मामाजींच्या जिव्हारी लागलं. एका पोत्याला तीन परख्या कमी पडल्या, असा त्यांनी अर्थ काढला. मग ते एका सिनेमाला दहा ठिकाणी परखी लावू लागले, मग वीस ठिकाणी. एकदा तर दोन तासांचा सिनेमा तपासायला आम्हाला तीन तास लागले. उठताना मी हिशेब केला, तर आम्ही तो सगळाच पाहिला होता, फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे, तुकड्यातुकड्याने.

"झालं की मंग," माझा नवरा आत्याबाईंना म्हणाला, "पाह्यला ना आई एक पूरा सिनेमा."

आत्याबाई कोपऱ्यात बसून हरभरा निवडत होत्या. "याले पाहनं म्हनत नाई," त्या म्हणाल्या. "याले दाने येचनं म्हनते."

हे त्या रागाने बोलल्या, आणि त्या सहसा रागावत नाहीत. त्यांचा राग समजायला त्यांची गोष्ट माहीत पाहिजे. आत्याबाईंनी जन्मात एकही सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता. नव्या नवरीपणी मामाजी त्यांना रिसोडच्या टॉकीजला तीनच्या खेळाला न्यायचे. रिठदला येणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटायची आणि खेळ संपायचा सहाला. त्यामुळे सिनेमातलं सगळं बिनसलं, की ही दोघं उठायची. पुढे पोरं झाली, शेत आलं, लाइट गेली, पाहुणे आले. शेवट काही हाती लागला नाही. बाकीच्या सिनेमांचं त्यांना दुःख नव्हतं. एकाचं होतं.

त्यात एक कासारीण होती. नवरा भांडून निघून गेलेला. ती डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन, मागे एक बकरी घेऊन, गावोगाव त्याला शोधत फिरते. शेवटी एका घराचा पत्ता लागतो. दिवस मावळतीला गेलेला, निळं दार, आतून कडी. ती दार वाजवायला हात उचलते.

"आन् यायनं मह्या हाताले धरून मले उठोलं," आत्याबाई सांगायच्या.

"येष्टी चुकली असती तं रातभर स्टँडवर बसलो असतो," मामाजी म्हणायचे.

"बसलो असतो," आत्याबाई म्हणायच्या. इतकी वर्षं त्यांचं या विषयावर एवढंच भांडण होतं, आणि ते कधी मिटलं नव्हतं.

ते दार कोणी उघडलं, हे त्यांनी भेटेल त्याला विचारलं होतं. एक नणंद म्हणाली पोलिसांनी उघडलं. दुसरी म्हणाली असा सिनेमाच नव्हता. नाव त्यांना आठवत नव्हतं, कारण ते वाचायला त्या वेळेवर पोचल्याच नव्हत्या. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि वाशिमच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती. डॉक्टर म्हणाला, काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पण आत्याबाईंच्या मावशीचा डोळा अशाच एका ऑपरेशनात गेला होता. त्या मला चुलीपाशी म्हणाल्या, "भेव वाटते व बाई. डोया राह्यला तं राह्यला. त्याच्या आंधी मले थे दार पाह्यचं हाय." मला रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

म्हणून मी शोधायला बसले. नाव नाही म्हणून जे माहीत होतं तेच लिहिलं, बांगड्या, बकरी, निळं दार. टीव्हीने आधी दाराला रंग कसा द्यावा ते दाखवलं. मग शेळीपालनाचं प्रशिक्षण दाखवलं. मी पुन्हा पुन्हा शोधत गेले तसा टीव्हीचा पक्का समज झाला की या घराला बकऱ्यांचं वेड आहे. उघडावं तेव्हा बकऱ्या. त्यांचे गोठे, त्यांचे रोग, त्यांची बाळंतपणं. माझा नवरा, जो सिनेमाच्या भानगडीत कधी पडत नव्हता, तो हे मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू लागला. महिन्याभरात त्याने दावणीला एक बकरी आणून बांधली. सिनेमा सापडला नाही, बकरी सापडली. मी तिच्याकडे पाहायची तेव्हा मला माझ्याच अकलेकडे पाहिल्यासारखं वाटायचं.

सिनेमा अखेर मामाजींच्या परखीला लागला. एका संध्याकाळी ते जुन्या मालाची रांग तपासत होते. मी भाजी फोडणीला टाकत होते, आत्याबाई भाकरी थापत होत्या. मामाजींनी तळाची परखी लावली, मग मधली. मधल्या परखीत कुणीतरी बाई "बांगड्या घ्या वं" म्हणून ओरडली, आणि आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"थांबा! हेच थे! हेच!"

पडद्यावर कासारीण चालत होती, मागे बकरी. आत्याबाईंनी पिठाच्या हातांनीच डोळे झाकले. "बंद करा. असा नाई पाह्यचा. बसून पाह्यचा."

मी मामाजींकडे पाहिलं. तळाची परखी त्यांनी आधीच लावली होती. म्हणजे शेवट त्यांनी पाहिला होता. मी विचारलं, "कसा आहे माल?"

त्यांनी टीव्ही बंद केला. "पास," म्हणाले, आणि वरच्या थराची परखी न लावता पाणी प्यायला गेले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार ठरली. आत्याबाईंनी सकाळीच सगळा स्वयंपाक उरकला, डोक्यावरून न्हाल्या, पेटीतलं चांगलं पातळ नेसल्या. मामाजींना फुटाणे आणायला पाठवलं आणि ते कागदाच्या पुड्यातच पाहिजेत म्हणून बजावलं. तीनचा खेळ म्हणजे तीनलाच सुरू. नावं आली तेव्हा त्यांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, कारण त्यांना धुकं दिसत होतं. मामाजींनी मधेच परखी लावू नये म्हणून त्यांनी रिमोट कणकीच्या डब्यात घातला आणि डबा मांडीवर घेतला.

सिनेमा छान होता. म्हणजे मला वाटतं छान होता, कारण किती तरी दिवसांनी मी काहीतरी सरळ पाहत होते. मध्यंतर आलं तेव्हा आम्ही खरोखर उठून अंगणात गेलो आणि परत आलो. मामाजी मात्र चुळबुळत होते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग दाराकडे, मग परत घड्याळाकडे. सव्वापाच झाले तसे ते चपला शोधू लागले, आपल्याच घरात. आत्याबाईंनी पडद्यावरची नजर न काढता त्यांचं मनगट धरलं.

"बसा," त्या म्हणाल्या. मामाजी बसले.

साडेपाच झाले. पडद्यावर दिवस मावळत होता. निळं दार आलं. कासारणीने पाटी सावरली, बकरी तिच्या पायाशी थांबली. तिने हात उचलला. आणि चित्र थांबलं. पडद्याच्या मधोमध एक गोल चकरी फिरू लागली.

आत्याबाई मन लावून चकरी पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "दार उघडाच्या आंधी हे चाक कायले फिरून राह्यलं?"

मी अंगणात धावले. आमची बकरी दावं तोडून भिंतीपाशी उभी होती आणि नेटची तार तिच्या तोंडातून शेवयांसारखी लोंबत होती. मी जे शोधायला गेले होते त्यातूनच ती घरात आली होती, आणि तेच तिने खाल्लं होतं. मी तिला ज्या शिव्या दिल्या त्या मला येत होत्या हे मलाही ठाऊक नव्हतं. तारवाला रिसोडहून उद्याशिवाय येणार नव्हता. मोबाईलांतलं नेट सकाळच्या ओट्यावरच्या मालात संपलेलं होतं. उद्या सकाळच्या गाडीने वाशिमला निघायचं होतं.

मी आत येऊन सांगितलं. आत्याबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. मला वाटलं, आता या रडणार, आणि रडल्या तर मीही सावरणार नाही.

मामाजी खाकरले. "शेवट पाह्यला हाय म्या," ते म्हणाले. "सांगू काय?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या धुक्यातून त्यांना काय दिसलं देव जाणे. "सांगा."

"थे दार वाजवते," मामाजी म्हणाले. "एकडाव वाजवते, आन् लगेच उघडते. नवराच उघडते. हातात कंदील हाय त्याच्या. थो तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेते. म्हनते, लय येळ लावला. थे म्हनते, काय करू बाप्पा, येष्टी चुकली."

सिनेमाभर मी बैलगाड्यांशिवाय दुसरं वाहन पाहिलं नव्हतं. एसटी त्यात कुठून आली, असं मी विचारणार होते, पण आत्याबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, पोरीसारख्या हसत होत्या.

"आन् बकरी?" त्यांनी विचारलं.

"बकरी बी अंदर येते," मामाजी म्हणाले. "समदे अंदर येतात."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं, काही नाही. आत्याबाई आणि माझा नवरा वाशिमला मुक्कामी होते, मी बकरीच्या राखणीला घरी. दुपारी तारवाला येऊन तार जोडून गेला. मी लगेच तो शेवट लावला. कासारीण दार वाजवते. कुणी उघडत नाही. ती पुन्हा वाजवते. आत दिवा आहे, सावली हलते, पण दार उघडत नाही. मग ती पाटीतून दोन बांगड्या काढते, उंबऱ्यावर ठेवते आणि निघून जाते. मागे बकरी. नावं येतात.

संध्याकाळी मामाजी वाशिमहून जीपने परत आले. त्यांनी हातपाय धुवायच्या आत मी त्यांना गाठलं. "मामाजी, मी पाहिला शेवट. दार उघडतच नाही!"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, मान पुसली, परत तोंड पुसलं. "ओल लय होती, पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी डोयाचं आपरेशन. ओला माल देऊ काय तिले? वाळवून देल्ला."

उभ्या आयुष्यात खोटं पोतं पास न केलेला हा माणूस. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, आणि जमलं नाही.

डॉक्टरने टीव्ही पाहायला परवानगी दिली त्या दिवशी आत्याबाई काळा चष्मा काढून समोर बसल्या. "थो शेवट लाव बरं."

मामाजी हे ऐकताच बकरीला पाला टाकायला बाहेर गेले. बकरीसमोर पाला होता.

"आत्याबाई, तुम्हाला माहीत आहे ना शेवट," मी म्हटलं. "दुसरा एखादा लावू?"

"आयकला हाय. पाह्यला नाई."

लावला. कासारणीने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. मी पडद्याकडे न पाहता आत्याबाईंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. बांगड्या उंबऱ्यावर आल्या, बकरी निघाली, नावं सुरू झाली. त्या उठल्या नाहीत. नव्या डोळ्याने त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं, कॅमेरावाल्याचं, कपडे शिवणाऱ्याचं, बकरीच्या मालकाचंसुद्धा. पडदा काळा झाला तेव्हा त्यांनी पदराने डोळा टिपला. ऑपरेशनचा नव्हे, दुसरा.

मग अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अवो, आयकलं काय? बराबर सांगतलं होतं तुमी. त्यानंच उघडलं."

बाहेर पाला मोडायचा आवाज थांबला.

"मंग?" मामाजींचा आवाज आला. "म्या पास केलेला माल हाय थो. परत येत नसते."

पण ते आले. हातात पाला तसाच धरून येऊन उंबऱ्याबाहेर थांबले. टीव्हीकडे बघेनात, आमच्याकडेही बघेनात. आत्याबाईंनी सरकून शेजारी जागा केली.

"दारात काहून उभे राह्यले?" त्या म्हणाल्या. "या ना अंदर. उघडंच हाय."